आधी पावलात ठेका, मग गळ्यात सूर

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना गाणे शिकवायचे असेल, तर पहिले काही महिने पेटी आणि वही बाजूला ठेवावी. वाद्ये नाहीत म्हणून खेड्यातील शाळेत संगीत शिकवता येत नाही, असे मानण्याचे कारण नाही. भुलाबाईच्या म्हणजे मुलींच्या सणाची गाणी, तान्ह्या पोळ्याला निघणारी मुलांच्या लाकडी बैलांची मिरवणूक आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगावी पोचवलेले खंजिरीवरचे भजन यांतून विदर्भातील मुलांचे कान शाळेत येण्याआधीच बरेच तयार झालेले असतात. रोज पंधरा-वीस मिनिटे दिली तरी पुरतात. आठवड्यातून एकदाच तासभर बसवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

सुरुवात ठेक्याने करावी. मुलांना पटांगणात गोल फिरायला सांगून खंजिरीवर संथ, सारख्या अंतराने थाप द्यावी. प्रत्येक थापेला एक पाऊल टाकायचे आणि थाप थांबली की जागच्या जागी थांबायचे. हे जमल्यावर केरव्याच्या आठ मात्रा घ्याव्यात. पहिल्या मात्रेला टाळी आणि पाचव्या मात्रेला हात मोकळा बाजूला न्यायचा, म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली (टाळीविना मोकळी मात्रा) हे शब्द न सांगताच कळतात. या वयात आकडे मोजायला लावू नये, कारण मोजण्याच्या नादात ठेका सुटतो. त्याऐवजी ‘धा गे ना ती, ना क धी ना’ असे बोल तोंडाने म्हणून घ्यावेत. दोन वाळलेल्या तुराट्या टिपरीसारख्या वापरता येतात.

सुराकडे वळताना पट्टीची, म्हणजे सा किती उंच धरायचा याची, काळजी घ्यावी, कारण बहुतेक चुका इथेच होतात. पुरुष शिक्षक आपल्या खालच्या पट्टीत गाऊ लागले, की मुले एक तर घशातून गुरगुरतात किंवा ओरडतात, आणि मग त्यांना सूर नाही असा शिक्का बसतो. पेटी हाताशी असल्यास मध्य सप्तकातील पांढरी दोनच्या (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास सा धरावा आणि गाणे सा ते धच्या आत ठेवावे. नाहीतर स्वच्छ आवाजाच्या एखाद्या मुलीला सुरुवात करू द्यावी.

पहिले स्वर दोनच घ्यावेत, प आणि त्याखालचा शुद्ध ग. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) यांच्या गायनकेंद्री शिक्षणपद्धतीतही आरंभ याच अंतराने होतो. आपल्याकडे त्यासाठी भुलाबाईची खिरापत ओळखण्याचा खेळ तयारच आहे. झाकलेल्या डब्यात चिंचोके किंवा फुटाणे ठेवून एका मुलाने ‘डब्यात काय?’ असे या दोन स्वरांत विचारावे, आणि इतरांनी एकेकाने आपले उत्तर त्याच स्वरांत गावे. खिरापत ओळखण्याच्या ओढीत लाजरे मूलसुद्धा एकटे गाते आणि कोणाचा सूर कुठे लागतो हे शिक्षकाला नीट ऐकू येते. घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाने आपल्याच शब्दांत गायले, तर तिथे भाषा सुधारू नये.

एखाद्या मुलाचा सूर खाली पडत असेल, तर आपला सूर त्याच्यावर लादू नये. त्याने जो सूर लावला तोच आधी आपण लावावा, दोघांचे आवाज जुळल्याचे त्याला जाणवू द्यावे आणि तिथून हळूहळू एकेक पायरी वर न्यावे. याला कधी आठवडे लागतात, कधी महिने. स्नेहसंमेलनात अशा मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते, तेव्हा ते पुढे कित्येक वर्षे तोंड उघडत नाही. तसे कधीही करू नये.

पाठ झालेल्या गाण्यावर मुठीचा खेळ घ्यावा. शिक्षकाने मूठ मिटली की गाणे मनातल्या मनात चालू ठेवायचे, उघडली की पुन्हा मोठ्याने गायचे. सगळी मुले एकाच शब्दावर, एकाच सुरात परत येऊ लागली, की त्यांना सा, ग, प ही नावे सांगावीत. सासाठी हात कमरेशी, गसाठी खांद्याशी, पसाठी डोक्याशी. पेटी आणायची ती त्यानंतर, आणि तीही केवळ सा धरून ठेवण्यापुरती.