बेक्ड चिकन बरिटो गिच्च होतोय? या चुका टाळा

बरिटो म्हणजे टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळीत, सारण गुंडाळून केलेला पदार्थ, मुळात उत्तर मेक्सिकोचा. सोनोरा, चिवावा या भागांत गव्हाच्या टॉर्टिया खातात, आणि तिथला बरिटो सडपातळ असतो. आत एक-दोन जिन्नस, खायचा हातात धरून. वर सॉस ओतून चीज वितळवायचं आणि काट्याने खायचं, ही पुढची अमेरिकन हौस. तिथेच घोळ होतो, कारण भाकरी-पोळीच्या जातीच्या कुठल्याही पदार्थावर पातळ काही ओतून तो ओव्हनमध्ये ठेवला तर लगदा होणारच. या पदार्थातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं.

सुरुवात सारणापासून. कांदा, सिमला मिरची, टोमॅटो परतून झाले की कढईत रस राहता कामा नये. राजमा चाळणीत निथळू द्या. भात घालणार असाल तर सुटा आणि गार झालेला. वाफाळता भात टॉर्टियाला आतून ओलं करतो. चिकन खळखळ उकळू नका, चोथा होतो. मंद आचेवर शिजवा, त्याच पाण्यात थोडा वेळ राहू द्या, मग काट्याने तंतू सोडवा. मांडीचं मांस घेतलंत तर फार सांभाळावंही लागत नाही. उरलेलं पाणी टाकू नका, सॉसला तेच लागतं.

आता सॉस. दोन मोठे चमचे लोण्यात दोन मोठे चमचे मैदा मिनिट-दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. कच्चा राहिला तर सॉसला पिठूळ चव येते. मग चिकनचं कोमट पाणी दीड कप, थोडं थोडं, सतत ढवळत. सगळं एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच. झाल्याच तर गाळून घ्या. चमच्याच्या पाठीला चिकटेल इतका दाट झाला की गॅस बंद. बंद म्हणजे बंद, मंद नव्हे. यानंतरच पाऊण कप सावर क्रीम घालायचं. ते नसेल तर चक्का आणि ताजं क्रीम निम्मं-निम्मं. आधी दोन पळ्या गरम सॉस चक्क्यात कालवा, मग ते मिश्रण पातेल्यात घाला.

कढी फुटू नये म्हणून आपण डाळीचं पीठ लावतो, त्याच कामासाठी इथे मैदा आहे. पण पीठ लावलेली कढीसुद्धा जोरात उकळली तर फुटू शकते. फ्रिजमधलं गारढोण, कमी स्निग्धांशाचं दही तर हमखास दगा देतं. सॉस फुटलाच तर जरा निववून मिक्सरमधून फिरवा. दाणेदारपणा बराचसा जातो, उरलेला चीजखाली खपतो.

टॉर्टिया पाकिटातून काढून थेट गुंडाळली की घडीवर चिरते. तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद गरम करा आणि फडक्यात झाकून ठेवा. आठ इंची टॉर्टियाला अर्धा कप सारण पुरे. हावरटपणा केलात तर पोट फुटणार. आधी दोन्ही कडा आत, मग घट्ट गुंडाळी, जोड खाली. घरच्या पोळीचा बरिटो चवीला चांगला लागतो, पण कणकेची मऊ पोळी सॉसखाली लवकर विरते. तिच्यावर सॉस ओतू नका, वाटीत वेगळा द्या.

ओव्हन आधी १९० अंशांवर नीट तापू द्या. बरिटो तेलाचा हात लावून, सॉस न घालता दहा मिनिटं भाजा. पापुद्रा जरा कडक झाला की मधोमध सॉसचा पट्टा ओता, टोकं कोरडीच राहू देत, वर चीज, आणि आणखी दहा-बारा मिनिटं. ओटीजीत वरची कॉइल जवळ असेल तर ट्रे एक खण खाली घ्या, नाहीतर आत सारण गार आणि वर चीज काळं. चीज तारा सुटणारं हवं असेल तर मोझरेला. प्रोसेस्ड चीज तसं ताणलं जात नाही, ते सॉसमध्ये किसून घाला. मग मीठ मात्र हात आखडूनच.

गुंडाळताना दोन-तीन फाटल्याच तर रडत बसू नका. त्यांचे तुकडे करून ट्रेमध्ये सारण-सॉसचे थर लावा आणि तसंच भाजा. पाहुण्यांना सांगायची गरज नाही.