तुळजापूरचा घाट उतरताना सायकल सुसाट सोडताय? या चुका टाळा

सोलापूरच्या सपाट रस्त्यावर स्वतःच्या पायांनी ताशी ४० किमी गाठणं सोपं नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद जवळपास आठपट. त्यामुळे नवख्याच्या मीटरवर ४०-५० चा आकडा दिसतो तो पाठीवर वारा असताना, मोठ्या वाहनाच्या आडोशाला, नाहीतर तुळजापूरचा घाट उतरताना. हा वेग फुकटचा. हातांना आणि डोळ्यांना मात्र २० चीच सवय असते. पडणारे बहुतेक इथेच पडतात.

ब्रेकपासून सुरुवात करू. "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. ब्रेक लागताच वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. सायकल थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकातच असते. तो ब्रेक खसकन ओढला तर उलटाल; बूड मागे सरकवून, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबले तर नाही. कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असताना, दचकण्याचा एक सेकंद धरून २० च्या वेगात साधारण ९ मीटर लागतात, ४० ला २४ च्या आसपास, ६० ला ४५. तेवढा मोकळा रस्ता समोर दिसत नसेल तर वेग जास्त आहे.

वळणात शिरल्यावर ब्रेक आठवणं ही घाटातली नेहमीची चूक. वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करा. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. नवरात्रात आणि कोजागिरीला हा रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो, त्या दिवसांत तिथे वेगाचा विचारही नको.

गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे चिकटणारी पोरं दिसतात. आडोशाने वेग मिळतो हे खरंच. २०१८ साली अमेरिकेत डेनिस म्युलर-कोरेनेक यांनी खास गाडीमागे ताशी २९६ किमी गाठले. पण ते बॉनव्हिलच्या मोकळ्या मिठाच्या सपाटीवर, तिथे म्हैस आडवी येत नाही. इथे कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, पुढचा खड्डा दिसत नाही, आणि वरून ऊस पडतो तो वेगळाच. वारा कमी लागावा म्हणून शर्यतवाल्यांसारखं सीट सोडून दांडीवर बसायची नक्कलही सोडा; यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, ती बसण्याची पद्धत २०२१ पासून शर्यतींतही बंद केली आहे.

उतारावर हँडल अचानक थरथरायला लागलं तर माणूस घाबरून मूठ आवळतो, आणि थरथर आणखी वाढते. पकड सैल करा, दोन्ही गुडघे दांडीला घट्ट चिकटवा, सीटवरचं वजन थोडं उचला, मग हलक्या हाताने वेग उतरवा. घरी आल्यावर कारण शोधा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा: हँडलपाशी टकटक जाणवली तर बेअरिंगमध्ये ढील आहे. चाक उचलून फिरवा. डुलत असेल तर आऊट काढून (चाक सरळ करून) घ्या, तारा ढिल्या आहेत का तेही बघा. सगळं ठीक निघालं तर मागे बांधलेलं ओझं तपासा. ब्रेकचे गुटके झिजून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर बदला, ते घासून चालवण्यात पैसा फारसा वाचत नाही.

हेल्मेट घातलं की कितीही वेगात डोकं वाचतं, हा गैरसमज. युरोपीय ईएन १०७८ चाचणीत ते सपाट पृष्ठभागावर ताशी साधारण २० किमी वेगाने आपटतात, म्हणजे दीड मीटरवरून पडल्यासारखं. ५० च्या वेगात खांबावर आदळल्यावर ते वाचवेलच असं नाही. डोकं डांबरावर आपटताना मात्र ते फार कामाचं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. पडल्यावर पुन्हा सायकलवर बसण्याआधी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर तडा गेलाय का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, हे बघा. डोकं गरगरत असेल किंवा मळमळत असेल तर सायकल टेम्पोत टाका आणि थेट दवाखाना गाठा.