ड्रुपलवर कम्युनिटी साइट काढताय? मग निदान या चुका टाळा

ट्रेकिंग ग्रुप असो, शाळेचे माजी विद्यार्थी असोत नाहीतर परदेशातलं महाराष्ट्र मंडळ असो, साइट बिघडली की दुखणी तीच तीच निघतात. ड्रुपल हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून कुणीतरी उत्साहात एका रात्रीत ते चढवतो आणि पुढे ते सांभाळणार कोण हे ठरलेलंच नसतं. मग ड्रुपलच्या नावाने खडे फोडायचे. मायबोली आणि मिसळपाव या मराठी साइट दोन्ही ड्रुपलवरच आहेत (पानांच्या पत्त्यात जे 'नोड' दिसतं ना, ते ड्रुपलचंच), आणि तिथे माणसं वर्षानुवर्षं लिहितायत, भांडतायत, परत येतायत. सॉफ्टवेअरमुळे अडत नाही हो.

कोअरच्या फाइलला हात लावणं

कोअर म्हणजे ड्रुपलचा स्वतःचा मूळ कोड. ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची साइट माझ्याकडे आली तीच बंद पडल्यावर. ड्रुपल ७ होतं. नाव नोंदवताना बॅचचं वर्ष विचारायचं होतं, तर ज्याने काम घेतलं होतं त्याने सरळ कोअरमधली यूजर मॉड्यूलची (म्हणजे सदस्यांची अकाउंट सांभाळणाऱ्या भागाची) फाइल उघडून त्यात आपला कोड घुसवला. वर्ष विचारलं जायला लागलं, सगळे खूश, पैसे चुकते झाले, माणूस गेला. पुढच्या अपडेटला ती फाइल कोरी करकरीत आली आणि वर्षाचा रकाना गायब! मग कमिटीतल्या कुणीतरी जुनी फाइल परत टाकली आणि ठरवूनच टाकलं की यापुढे अपडेट करायचंच नाही.

आलं मग २०१८. ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमने आठवडाभर आधी जाहीर सांगितलं होतं की २८ मार्चला फार महत्त्वाचं अपडेट येतंय, वेळ काढून ठेवा, आपल्याकडे ते रात्री साडेअकरानंतर येणार होतं. भगदाड असं होतं की लॉगिन न करता बाहेरचा कुणीही सर्व्हरवर त्याला हवा तो कोड चालवू शकत होता. ७.५८ टाकलं की विषय संपला असता. हल्ल्याचा कोड उघडपणे फिरायला लागला एप्रिलच्या मध्यात, म्हणजे तब्बल दोन आठवडे हातात होते. या साइटवर कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सर्व्हरवर सतत लोड येतोय म्हणून होस्टिंगवाल्याने अकाउंट बंद केलं तेव्हा जाग आली, आणि उघडून बघितलं तर अपलोडच्या फोल्डरमध्ये भलत्याच कुणाचं तरी क्रिप्टो मायनिंग चालू. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर आणि रोज जुन्यावर नवा लिहिला जाणारा, त्यामुळे त्यातही तीच घाण. डेटाबेसमधून लोकांच्या आठवणी वाचल्या, होस्टेलच्या दिवसांचे फोटो मात्र एकेक तपासून परत घ्यावे लागले आणि काही गेले ते गेलेच.

आणि हे कशासाठी, तर एका रकान्यासाठी. ड्रुपल ७ मध्ये अकाउंट सेटिंग्जमध्ये 'मॅनेज फील्ड्स' असतं, तिथे फील्ड जोडायचं, नोंदणीच्या फॉर्मवर दाखवायची टिक मारायची, झालं. एक ओळ कोड लागत नाही. पण आधी दहा मिनिटं वाचायला कुणाला वेळ असतो!

माझी सवय अशी: ड्रुपलची सिक्युरिटी अपडेट्स बुधवारी येतात, म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा बुधवारी रात्री, त्यामुळे गुरुवारी सकाळी चहा घेताना सगळ्यात आधी ते बघायचं. बॅकअप दुसऱ्या मशीनवर, किमान काही आठवड्यांचे वेगवेगळे, आणि त्यातला एखादा अधूनमधून लॅपटॉपवर खरंच उभा करून बघायचा. उभा करून न बघितलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

आणि हो, ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपलाय, तेव्हा जुना व्हिडिओ बघून त्यावर नवी साइट काढू नका. ड्रुपल ११ मध्ये फोरम मॉड्यूल (चर्चेचे विभाग देणारं) कोअरमधून काढलंय, ते वेगळं घ्यावं लागतं, 'दिसतच नाहीये' म्हणून शोधत बसू नका.

रिकाम्या खोल्या बांधून ठेवणं

एका ट्रेकिंग ग्रुपने पहिल्याच दिवशी जिल्हावार किल्ले, ट्रेकचं साहित्य, फोटोग्राफी, रेसिपी, खरेदी-विक्री, कविता असे विभाग काढले, वर पॉइंट आणि बॅजचं मॉड्यूल. प्रत्येक विभागापुढे शून्य. तरी एका नव्या मुलाने विचारलं होतं, 'हरिश्चंद्रगडाला पावसात नळीच्या वाटेने जाता येईल का?' पावसाळ्यात ती वाट धोक्याची, वरून दगड येतात, हे त्या ग्रुपमधल्या कुणीही एका ओळीत सांगितलं असतं. पण प्रश्न पडला होता साहित्याच्या विभागात, तिकडे कुणी फिरकतच नव्हतं, महिनोन्महिने उत्तर नाही. मला याचा फार त्रास होतो, कारण तो पोरगा विश्वासाने विचारायला आला होता.

मी दोनच विभाग काढून देतो. साइट उघडायच्या आधी लिहिणारी दहा माणसं गोळा करा म्हणतो, ती नसतील तर थांबा म्हणतो. नव्या माणसाच्या पहिल्या पोस्टला त्याच दिवशी, नावाने उत्तर गेलंच पाहिजे. पान वाहायला लागलं की मग विभाग पाडा. बॅज नंतर बघू.

बाकीच्या, पटापट

नोंदणी सताड उघडी ठेवली की स्पॅम येणारच. सुरुवातीला ॲडमिनची मंजुरी ठेवा आणि हनीपॉट मॉड्यूल (आपोआप नोंदणी करणाऱ्या बॉटना सापळा लावणारं) टाका.

सगळ्या सदस्यांना 'फुल एचटीएमएल', म्हणजे पोस्टमध्ये हवा तो कोड टाकायची मुभा, देऊ नका. कधीच.

पहिलं ॲडमिन अकाउंट कमिटीत वाटू नका. प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट, हवा तेवढाच रोल.

पोस्ट मराठीत नीट जाते पण इमोजी टाकला की एरर? डेटाबेस जुन्या यूटीएफ-८ वर (अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीवर) आहे. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, ते मावतं, इमोजी चार बाइटचा. यूटीएफ-८-एमबी-४ करून घ्या, पण आधी बॅकअप.

नोंदणीची मेल पोचत नाही? सर्व्हरवरून थेट पाठवू नका, एसएमटीपी (मेल पाठवायची वेगळी सेवा) लावा, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आलीय हे दाखवणाऱ्या नोंदी) लावा.

शेवटचं, सदस्य काढून टाकताना. भांडण झालं की रागाच्या भरात अकाउंट उडवतात आणि ड्रुपल विचारतं की त्याच्या मजकुराचं काय करू, तेव्हा न वाचता 'मजकुरासकट डिलीट' वर टिक. मग त्याने सुरू केलेल्या सगळ्या चर्चा जातात आणि त्याखाली दुसऱ्यांनी मनापासून लिहिलेली उत्तरंही जातात, ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. तिथे 'अकाउंट बंद करा, मजकूर राहू द्या' निवडा, आणि डिलीटचा अधिकार एकाच शांत डोक्याच्या माणसाकडे ठेवा.