आजीला घेऊन अम्युझमेंट पार्कला: कमी पैशांत, तिच्या चालीनं

माझी आजी ७८ वर्षांची आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सकाळी बीपीची गोळी असते आणि उजव्या कानात यंत्र. गेल्या चार वर्षांत आम्ही दोघींनी गाडीनं तीन अम्युझमेंट पार्क पाहिले. पहिली सहल मी मैत्रिणींसोबत जाताना आखते तशीच आखली होती. पहाटे चारला निघायचं, दोन दिवसांत दोन पार्क, तिकिटाचा पैसा पुरेपूर वसूल करायचा. आजी दिवसभर काही बोलली नाही. रात्री खोलीवर तिच्या चपलेचा पट्टा निघेना, तेव्हा तिचे पाय किती सुजलेत ते मला दिसलं.

दुसऱ्या वेळी मी सगळं उलट्या बाजूनं आखलं. ती किती वेळ बसू शकते, किती चालू शकते, कधी झोपते, ते आधी लिहून काढलं आणि बाकीचं त्याभोवती बसवलं. ती सहल पहिलीपेक्षा बरीच स्वस्त पडली. त्याचं कारण सरळ आहे. आजीला सोयीचं ते बहुतेक ठिकाणी कमी खर्चाचंही असतं: शाळा सुरू असतानाचा आठवड्याचा मधला दिवस, एकच पार्क, मोजक्या राइड्स, घरून नेलेला डबा, सावकाश चालवलेली गाडी. सोय आणि काटकसर यांची गाठ सुटते ती मोजक्या ठिकाणी, आणि तिथे मी पैसे वाचवत नाही. ती ठिकाणं पुढे ओघात येतीलच.

पार्क निवडण्याआधी आजीला विचारा

"कुठे जायचं?" असं विचारू नका. "तिथे काय करायला आवडेल?" असं विचारा. माझी आजी म्हणाली, "मला उंचावरून बघायचंय. आणि तुला त्या गाडीत ओरडताना बघायचंय." म्हणजे आम्हाला लागणार होता एक चांगला आकाशपाळणा आणि रोलर कोस्टर दिसेल असा सावलीतला बाक. बाकीच्या पन्नास राइड्सचे पैसे भरायची गरजच नव्हती.

इथे तिकिटाची पद्धत महत्त्वाची ठरते. काही पार्कांत एकाच तिकिटात सगळं असतं. काही ठिकाणी आत जायला पैसे नाहीत, जी राइड घ्याल तिचेच द्यायचे. डेन्मार्कमधलं १५८३ पासूनचं बाकेन, व्हिएन्नाचं प्राटर, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं क्नोबेल्स ही सगळी दुसऱ्या प्रकारची. तुमच्या टप्प्यात असं पार्क असेल, तर तीनच राइड्स घेणाऱ्या माणसासाठी त्याच्याइतकं परवडणारं काही नाही. सगळं एकाच तिकिटात असेल तर फोन करून विचारा: राइड न घेणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट आहे का, ज्येष्ठांची सवलत कोणत्या वयापासून आहे आणि वयाचा पुरावा कोणता लागेल, व्हीलचेअरवरच्या माणसासोबत येणाऱ्याला सूट आहे का.

आगाऊ ऑनलाइन तिकीट बहुधा स्वस्त मिळतं. पण तारीख बदलता येते का, ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. या वयात आदल्या रात्री गुडघा ठणकू लागतो, सकाळी बीपी वर गेलेलं असतं. अशा वेळी तारीख बदलून मिळाली, तर ती सवलतीपेक्षा कितीतरी मोलाची. मी दर वेळी तारीख बदलता येईल असंच तिकीट घेते, थोडं महाग असलं तरी.

त्याच फोनवर आणखी चार गोष्टी विचारून घ्या. व्हीलचेअर भाड्यानं मिळते का आणि ती आधी राखून ठेवता येते का? घरचं खाणं आत नेऊ देतात का? हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर जाऊन परत येता येतं का? आणि तिला हव्या असलेल्या राइडपर्यंत पोचायला जिने किती आहेत? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. पाळण्याच्या पायथ्याशी पोचल्यावर कळलं की वर चढायला २२ पायऱ्या आहेत. आजी खालूनच बघून परतली.

हिशेबाची वही

हिशेब मी आजीसोबत बसून करते. तिला खर्च माहीत असला की ती संकोचत नाही, आणि कुठे वाचवायचं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

सुरुवात पेट्रोलपासून. जाऊन-येऊन अंतर ४२० किलोमीटर असेल, तर वाट चुकणं आणि मधले थांबे धरून ४६० धरा. गाडीचं ॲव्हरेज लिटरला १५ असेल, तर ३१ लिटर लागेल. त्यात टोल, पार्किंग, तिकिटं, एका रात्रीची खोली आणि जेवण घाला. बेरजेवर दर १०० मागे २० जास्तीचे वेगळ्या पाकिटात ठेवा. त्या पाकिटातले पैसे आजीच्या आरामासाठी काढायचे, आणि काढताना घासाघीस करायची नाही. आमच्या पाकिटातून आजवर व्हीलचेअरचं भाडं गेलं, एकदा खोली दुपारपर्यंत ठेवण्याचे जादा पैसे गेले, आणि एकदा गेटपासून पार्किंगपर्यंतच्या छोट्या गाडीचे.

खोली पार्कच्या दारात नको, तिथले दर चढे असतात. गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवरची बघा. मात्र तळमजल्याची किंवा लिफ्ट असलेलीच घ्या, आणि न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, ते विचारा. प्रवास तीन तासांपेक्षा जास्त असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा. ही एक रात्र वाचवण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. सुजलेले पाय त्यातूनच आले.

डॉक्टरांकडची दहा मिनिटं

निघण्याआधी साधारण पंधरा दिवस तिच्या डॉक्टरांना भेटा. "राइडमध्ये बसू का?" एवढंच विचारलं तर उत्तर "नको" असंच येणार. मी ज्या राइड्स मनात होत्या त्यांचे व्हिडिओ फोनवर नेले आणि एकेक दाखवला. आकाशपाळणा, टॉय ट्रेन आणि संथ होडी यांना हो मिळालं. रोलर कोस्टर, धक्का देणाऱ्या गाड्या आणि गोल गरगरणारं सगळं बंद.

त्यामागचं कारण समजून घेतलं तर आजी-आजोबांना समजावणं सोपं जातं. त्रास उंचीपेक्षा हिसक्यांचा असतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर एका जोराच्या धक्क्यानं मणका दबून चीर पडू शकते, म्हणून साध्या दिसणाऱ्या धक्क्याच्या गाड्यासुद्धा टाळायच्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहान मारही महागात पडतो. हृदयविकार, वाढलेला बीपी, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांबद्दलची सूचना मोठ्या राइड्सच्या दाराशी लिहिलेली असते. ती उभं राहून नीट वाचा. पेसमेकर असेल तर आणखी एक गोष्ट: काही कोस्टर चुंबकाच्या जोरावर सुटतात, तिथे तीव्र चुंबकीय क्षेत्र असतं. त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

गोळ्या दोन जागी ठेवा, अर्ध्या तिच्या पर्समध्ये आणि अर्ध्या तुमच्याकडे. इन्सुलिन असेल तर ते उभ्या गाडीत कधीही ठेवू नका. उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच तापते आणि उष्णतेनं इन्सुलिन निकामी होतं. बर्फाला थेट चिकटवून ठेवणंही चुकीचंच, गोठलेलं इन्सुलिन चालत नाही. तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असू द्या: औषधांची नावं, कशाची ॲलर्जी, रक्तगट आणि तुमचा फोन नंबर.

रस्त्यावर

या वयाची माणसं प्रवासात पाणी कमी पितात. एक तर वयानुसार तहान लागल्याचं नीट कळत नाही. दुसरं म्हणजे, "मध्येच जायला लागलं तर?" ही भीती. आजीला मी वाटभर "पाणी पी, पाणी पी" म्हणत राहायचे आणि ती एक घोट घेऊन बाटली खाली ठेवायची. मग मी नकाशावर आधी स्वच्छतागृहं शोधून खुणा करून ठेवल्या. निघताना तिला सांगितलं, "पहिलं पन्नास मिनिटांवर आहे, त्यानंतर प्रत्येक तासाला एक." त्या दिवशी तिनं आपणहून बाटली संपवली. या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

दोन तासांपेक्षा जास्त सलग गाडी चालवू नये, हा नियम चालवणाऱ्यासाठी. आजीसाठी मी तासाभरानं थांबते. चार तासांहून लांबच्या प्रवासात बसून बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून उतरून पाच मिनिटं चालायचं, आणि गाडीत बसल्या बसल्या घोटे गोल फिरवायचे. पायात गाठी होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर लांबच्या प्रवासाबद्दलही डॉक्टरांशी बोला.

गाडीत चढताना सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी पसरली तर सीटकडे पाठ करून बसायचं आणि अलगद आत वळायचं, गुडघा पिळवटत नाही. वळून झालं की पिशवी लगेच काढा, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस घसरतो. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर खाली बसला पाहिजे.

टायरची हवा आदल्या दिवशी गाडी थंड असताना तपासा. हवा कमी असली की पेट्रोल जास्त जातं. एका गतीनं चालवलं, हिसका देऊन वेग घेतला नाही, तर पेट्रोलही वाचतं आणि तिची मानही. अंधारात गाडी चालवायची वेळ येणार नाही, असाच बेत ठेवा.

पार्कात

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. आधी तिला गेटजवळ बाकावर बसवा, फोन हातात द्या, मग गाडी लावायला जा. गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढून ठेवा.

पहिला तास तिचा. ऊन नसतं, रांग नसते आणि पायात जोर असतो. तिला सर्वांत जास्त हवी असलेली राइड तेव्हाच घ्या, "शेवटी घेऊ" म्हणून राखून ठेवू नका. संध्याकाळपर्यंत तिची हौस तेवढीच असते, पाय मात्र थकलेले असतात. चढताना पाळणा थांबवायला सांगा. लंडन आयसारखा अवाढव्य पाळणा एरवी न थांबता हळूहळू फिरतच राहतो, पण गरज असलेल्या माणसासाठी तोही थांबवतात. त्यामुळे हे मागताना अवघडून जाऊ नका. कानातलं यंत्र आणि चष्मा राइडच्या आधी काढून खिशात ठेवायचे का, ते राइड बघून ठरवा. पाळण्यात चष्मा हवाच, नाहीतर वर जाऊन काय बघणार?

माझ्या कोस्टरसाठी आमचा एक करार आहे. बाक ठरलेला, वेळ ठरलेली. ती बाक सोडत नाही, मी वेळ मोडत नाही. रांग पाऊण तासाची दिसली तर मी त्या राइडवर पाणी सोडते. एकट्या माणसासाठी वेगळी रांग असेल तर ती बरीच लवकर सरकते, आधी ती शोधा.

व्हीलचेअरबद्दल. आजी म्हणाली, "मी काय आजारी आहे का?" मी वाद घातला नाही. खुर्ची घेतली, त्यात पाण्याच्या बाटल्या, डबा आणि तिची शाल ठेवली आणि ढकलत तिच्या शेजारून चालू लागले. तासाभरानं तिनं स्वतःच शाल उचलली आणि बसली. पहिल्या सहलीत आमची पावलं १४ हजारांवर गेली होती. मोठ्या पार्कात एवढं चालणं कुणालाही कळत नकळत होतं, म्हणून "माझे आजोबा रोज फिरायला जातात" यावर विसंबू नका.

दुपारी बारा ते तीन उन्हात काहीही ठरवू नका. शिक्क्याची सोय असेल तर बाहेर पडा, डबा खा, खोलीवर पडा. नसेल तर बंदिस्त जागेतला खेळ किंवा प्रदर्शन बघा. चारनंतर परत आलात तर दिवे लागलेले बघायला मिळतात, आणि खोली पंधरा मिनिटांवर असेल तर अंधाराचा प्रवासही फारसा उरत नाही.

गेल्या खेपेला आम्ही पाळण्यात सकाळी साडेनऊला बसलो. आमचा डबा वर थांबला तेव्हा आजीनं विचारलं, "हे कुणी बरं शोधून काढलं असेल?" मी सांगितलं, जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी पहिला प्रचंड पाळणा उभा केला, २६४ फूट उंच, ३६ डबे, आणि एकेका डब्यात ६० माणसं मावायची. तिनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाली, "दोन हजारांवर माणसं की गं!" मग खालच्या कोस्टरकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तू जा. मी बाकावर बसते. पण लांबून दिसशील अशी पहिल्या डब्यात बस."

घरी आल्यावर दुसरा पूर्ण दिवस काही ठेवू नका. आजी त्या दिवशी वही काढते, उरलेले पैसे मोजते आणि पुढच्या वेळेसाठी शेवटच्या पानावर लिहिते. या वेळी तिनं दोन ओळी लिहिल्यात: "कमरेची उशी जाड हवी. पाळण्यात दोनदा बसायचं."