शॉट पीनिंग मशीन घेताय? आधी हे बघून घ्या

शॉट पीनिंग म्हणजे पार्टवर बारीक गोल स्टीलचे दाणे (शॉट) जोरात मारून तो लवकर तुटू नये असा करणं. पुण्याजवळ भोसरी-चाकण साइडला स्प्रिंग, गिअर, कनेक्टिंग रॉडचं काम करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आपल्याकडे ब्लास्टिंगची मशीन पडूनच आहे, त्यातच पीनिंग मारलं तर चालेल का. मारता येईल हो, पण ब्लास्टिंग हे साफसफाईचं काम, त्यात स्केल (वरची जळकी पापडी) निघाली की काम दिसतं, पीनिंगमध्ये डोळ्यांना काहीच कळत नाही, पार्ट चकचकीत दिसतो आणि गाडीत बसल्यावर तुटतो.

पार्ट वारंवार लोड घेतो तेव्हा क्रॅक बहुतेक वेळा वरच्या थरातूनच सुरू होतो. गोल शॉट जोरात आदळला की वरचं मेटल पसरायला बघतं, खालचं त्याला पसरू देत नाही, त्यामुळे वरचा थर कायम दाबात राहतो आणि दाबातल्या थरात क्रॅक सहजी उघडत नाही. सगळी कमाई या पातळ थराची, साधारण मिलिमीटरच्या काही दशांशाएवढाच असतो तो.

लीफ स्प्रिंग, कॉइल स्प्रिंग असा मोठा लॉट असेल तर व्हील टाइप, म्हणजे फिरत्या चाकाने शॉट फेकणारी घ्या. गिअरचं रूट (दाताचं बूड), आतलं बोअर अशा नेमक्या जागी मारायचं असेल तर हवेने शॉट मारणारी एअर नोझलवाली, त्यातही प्रेशर पॉटची (दाबाच्या टाकीतून शॉट ढकलणारी), शॉट ओढून घेणाऱ्या सक्शनवालीत तेवढा जोर नसतो. फक्त कॉम्प्रेसरचं लाइट बिल आधीच हिशोबात धरा.

आणि डेमोला गेलात की टर्बाइनचा (शॉट फेकणाऱ्या चाकाचा) एचपी नंतर विचारा, आधी शॉट साफ कसा होतो ते बघा!! एअर वॉश धूळ काढतो, चाळणी बारीक झालेला शॉट काढते, आणि तुटलेला वेगळा करायला स्पायरल (गोल दाणे आणि तुकडे वेगळे करणारी नागमोडी घसरण) असेल तर उत्तमच. तुटलेल्या शॉटला धार असते, तो पृष्ठभागावर ओरखडे पाडतो आणि क्रॅकला आपणच जागा करून देतो. रोज मूठभर शॉट काढून भिंगाखाली बघायची सवय लावाच. कार्ब्युराइज्ड (वरचा थर कार्बन देऊन कडक केलेला) गिअर असेल तर साधा ४५ ते ५२ एचआरसीचा (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप) शॉट कमी पडतो, ५५ च्या वरचा घ्या.

आता सेटिंग. मार किती जोरात बसतोय याचं माप म्हणजे अल्मेन स्ट्रिप, ७६ बाय १९ मिमीची स्प्रिंग स्टीलची पट्टी, ए टाइप १.२९ मिमी जाड. पार्टवर जिथे मार हवाय बरोब्बर तिथेच, त्याच कोनात पट्टी धरणारा ब्लॉक बसेल असं फिक्स्चर बनवून घ्या, टेबलाच्या कोपऱ्यात कुठेतरी ठेवून घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. चार स्क्रूंनी पट्टी आवळा, मारा, सोडा, ती कमानीसारखी वाकलेली असते, किती वाकली ते अल्मेन गेजवर शॉट न लागलेल्या बाजूने मोजा. वेगवेगळ्या वेळेला असं करा आणि दर वेळी नवी पट्टी, वापरलेली परत नाही. वेळ दुप्पट केल्यावर कमान १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही ती पहिली वेळ म्हणजे सॅच्युरेशन, आणि तिथली कमानीची उंची (मिमीत) हीच तुमची इन्टेन्सिटी, म्हणजे माराचा जोर. समजा २० सेकंदाला ०.३६ आणि ४० ला ०.३९ आलं, तर २० लाच सॅच्युरेशन झालेलं आहे. ए पट्टीवर ०.१० च्या खाली येत असेल तर पातळ एन पट्टी, ०.६० च्या वर गेलं तर जाड सी.

इथे बरेच जण थांबतात आणि गडबड इथेच होते. पट्टीची वेळ म्हणजे पार्टची वेळ नव्हे! पार्टचं कव्हरेज, म्हणजे किती जागेवर मार बसला, ते पार्टवरच बघायचं, १० पट भिंगातून, ९८ टक्के जागेवर खुणा उमटल्या की फुल धरतात. कडक पार्टला पट्टीपेक्षा जास्त वेळ लागतो. ड्रॉइंगवर २०० टक्के असेल तर फुल कव्हरेजची वेळ डबल.

हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग आधी आणि पीनिंग शेवटी. नंतर स्टील २३० डिग्रीच्या वर तापवलं तर आत बसवलेला दाब सैल पडायला लागतो, पावडर कोटिंगच्या ओव्हनचं तापमान म्हणून आधीच विचारून घ्या.

आपल्याकडे पावसाळ्यात शॉटला गंज धरतो, हॉपरमध्ये गोळे होतात आणि फ्लो तुटतो. गणपतीत चार दिवस शॉप बंद ठेवणार असाल तर हॉपर रिकामा करून शॉट कोरड्या ड्रममध्ये झाकून ठेवा, आणि परत सुरू करताना एअर लाइनच्या ड्रायरचं पाणी काढल्याशिवाय नोझल उघडू नका.