पीएस ५ चा ५.१ आवाज कॉम्प्युटरवर जसाच्या तसा कसा घ्यायचा

गेमप्ले रेकॉर्ड करणाऱ्यांचा सगळा जीव चित्रात असतो. आवाज ‘येतोय ना, बास!’ पण येतो तो बहुतेक वेळा स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनेलचा. ५.१ मध्ये सहा असतात: पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मागच्या स्पीकरचं जे काही होतं, ते रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच गळून पडलेलं असतं.

माझ्याकडे पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल), डेस्कटॉपमध्ये ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक मिनी रेकॉर्डर ४के कॅप्चर कार्ड आणि ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आहे. हेच कार्ड का? तर ते एचडीएमआयवरून आठ चॅनेल घेतं. खोक्यावर ‘४के’ ठळक छापलेली कितीतरी यूएसबी कार्डं आवाजाचे दोनच चॅनेल घेतात, तेव्हा आवाजाची ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड आधीच घेतलं असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड उघडा. तिथे फक्त ‘२ चॅनेल’ दिसत असेल तर पुढची खटपट फुकट आहे.

आता केबल. ती खोचली की कन्सोल आधी समोरच्याला विचारतो, तुला किती चॅनेल झेपतात? उत्तर ‘दोन’ आलं की तो दोनच पाठवतो. खरी गोची स्प्लिटरवर (एक सिग्नल दोन ठिकाणी पाठवणाऱ्या डबीवर) होते. या कार्डाला टीव्हीकडे जाणारं आउटपुट नाही, म्हणून खेळताना मध्ये स्प्लिटर लागतो. आणि बरेच स्प्लिटर टीव्हीचंच उत्तर कन्सोलला कळवतात. टीव्ही बिचारा स्टिरिओवाला! म्हणून ईडीआयडीचं (म्हणजे कन्सोलला द्यायच्या याच उत्तराचं) बटण असलेला स्प्लिटर घ्या आणि ते ५.१ वर ठेवा.

पीएस ५ मध्ये दोन गोष्टी करायच्या. सिस्टिममधल्या एचडीएमआय भागात एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, बंद करा, नाहीतर पडदा काळा राहील (ते बंद असताना सिनेमाची ॲप चालत नाहीत, रेकॉर्डिंग झालं की परत चालू करा). मग साउंडमध्ये ऑडिओ आउटपुट: एचडीएमआय उपकरण ‘एव्ही ॲम्प्लिफायर’, चॅनेल ५.१ आणि फॉरमॅट लिनिअर पीसीएम (न दाबलेला आवाज). डॉल्बी निवडण्याचा मोह टाळा. पीसीएमची वाट बघणाऱ्या कार्डात डॉल्बीचा प्रवाह गेला की नुसती खरखर ऐकू येते.

ओबीएसमध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये चॅनेल ५.१ करा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. डेकलिंक सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्येही ५.१ निवडावं लागतं, हे हमखास राहतं. एएसी (आवाज दाबून साठवायची पद्धत) वापरणार असाल तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजासाठी लागणारा डेटा, सढळ ठेवा. यूट्यूब स्टिरिओला ३८४ आणि ५.१ ला ५१२ केबीपीएस सुचवतं. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारच्या फायलीत करा. आपली बडबड वेगळ्या ट्रॅकवर टाका, म्हणजे नंतर ती पुसता येते.

मग खरी परीक्षा. मिक्सरमध्ये आता सहा बारीक पट्ट्या दिसतील: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफर, मागचे दोन. गेममध्ये धबधब्यासमोर उभे राहा आणि हळूहळू पाठ फिरवा. पाचवी-सहावी पट्टी वर चढली पाहिजे. मग एखादं पात्र बोलू द्या. बहुतेक गेममध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात, म्हणजे तिसरी पट्टी नाचेल. ती निपचित आणि चौथी नाचत असेल तर मधला आणि सबवूफर यांची अदलाबदल झाली आहे. डेकलिंकच्या प्रॉपर्टीजमध्ये एफसी (मधला) आणि एलएफई (सबवूफर) बदलायची खूण आहे, ती करा. हे आत्ताच तपासा. तासाभराच्या फायलीत नंतर निस्तरणं म्हणजे डोक्याला ताप.

दोन मिनिटांची फाइल व्हीएलसीत उघडून कोडेक माहितीत चॅनेल बघून घ्या. एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हमध्ये असेल तर क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये ऑडिओ ‘५.१’ ठेवा. शेजारचं ‘५.१ फिल्म’ नको, त्यात चॅनेलचा क्रम वेगळा असतो. टाइमलाइनचा ट्रॅकही ५.१ चाच घ्या.