बर्फ का तरंगतो हे दाखवायचंय? खोबरेल तेल आणा

शाळेत विज्ञान प्रदर्शन लागलं की आमच्या सांगलीतल्या गल्लीतली पोरं माझ्या दारात. "काका, बर्फ तरंगतो ते मांडायचंय." मी आधी त्यांच्या तक्त्यावरचं 'बर्फात हवा असते म्हणून तो तरंगतो' हे वाक्य खोडायला लावतो. एकही बुडबुडा नसलेला, काचेसारखा बर्फही तरंगतोच की!

ट्रेच्या अर्ध्या खणांत पाणी, अर्ध्यांत पातळ खोबरेल भरा. रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी ट्रे उजेडात तिरपा धरून बघा: बर्फाला मधोमध उंचवटा आलेला असतो, तेलाच्या वडीला खळगा पडलेला असतो. निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

बर्फ पाण्यात टाका. तरंगला, झालं.

गोची आहे ती तेलाची वडी तेलात बुडवण्यात. पहिल्या वर्षी डिसेंबरच्या थंडीत बाटली गोठली, म्हणून मी तेल गॅसवर तापवलं. पोरं गोळा होईपर्यंत वडी गायब! पुढच्या वर्षी आळस केला, बाटलीतलं घट्ट तेल चमच्यानं ट्रेत दाबून भरलं. आत हवा कोंडली, वडी ऐटीत तरंगली. परीक्षक म्हणाले, "तुमचं तेलही बर्फासारखंच की हो." पोरगी रडवेली झाली.

तेव्हा नीट ऐका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. बाटली कोमट पाण्यात उभी करा, तेल नितळ झालं की बाहेर काढा आणि बोट बुडवून ऊब लागेनाशी होईपर्यंत थांबा. गॅसचं नाव काढू नका. वडी खळगा वर ठेवून अलगद सोडा, पालथी टाकली तर खळग्यात हवा अडकते. आता ती सरळ तळाला जाते. कारण सांगायची घाई नको, आधी ती वितळायच्या आत सगळ्यांना बघू दे. उरलेलं तेल डोक्याला.

आता कारण. गोठताना तेलाचे रेणू दाटीनं बसतात. पाण्याचे रेणू मात्र हायड्रोजन बंधांमुळं, म्हणजे एकमेकांच्या ओढीमुळं, षटकोनी जाळी धरतात, मधे पोकळ जागा राहते. १०० मिली पाण्याचा बर्फ सुमारे १०९ मिली जागा घेतो. वजन तेच, जागा जास्त, म्हणून घनता कमी: पाण्याची १ धरली तर बर्फाची ०.९१७. फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते तीही यामुळंच.

जोडीला बर्फ घातलेला, काठोकाठ भरलेला ग्लास ठेवा. बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही. फक्त ग्लासाला बाहेरून सुटणारा घाम पुसत राहा, नाहीतर टेबल ओलं दिसलं की "सांडलं, सांडलं" सुरू होतं.